पर्याय

पर्यायी शब्द शिकवताना आम्ही दोघेही, आपापल्या महाविद्यालयात, गेली अनेक वर्षे विद्यार्थ्यांना एक गोष्ट बजावत आलो आहोत. पाणी आणि उदक हे एकमेकांचे पर्याय आहेत असे पुस्तक म्हणते. पण तहानलेला माणूस उदक मागत नाही आणि श्राद्धाच्या वेळी गुरुजी पाणी नव्हे, उदक सोडायला सांगतात. एक पर्याय दुसऱ्याच्या जागी जसाच्या तसा बसत नाही. वर्गात ठामपणे सांगितलेली ही गोष्ट आम्हाला स्वतःला कळायला मात्र आईंचे आजारपण यावे लागले.

आई म्हणजे आमच्यापैकी एकाची आई, दुसरीच्या सासूबाई. वय ७४. खारघरला आमच्याकडेच असतात. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्यांच्या मानेत एक गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. एका दवाखान्यात सुईने पेशी काढून तपासल्या, अहवाल संदिग्ध आला आणि आपल्याकडे मानेतली गाठ म्हटली की आधी क्षय आठवतो, त्याप्रमाणे क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने गेले. काखेत दुसरी गाठ आली, रात्री घामाने उशी भिजू लागली, वजन उतरले. शेवटी एक गाठ संपूर्ण काढून तपासली तेव्हा निदान झाले : लसीका ग्रंथींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा.

परंतु एवढ्या नावाने काहीच ठरत नाही, हे आम्हाला नवीन होते. लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये या ग्रंथींच्या आजाराचे वर्णन केले. त्यांच्या नावाचा एक गट आणि त्याबाहेरचे कितीतरी प्रकार आज ओळखले जातात. काही प्रकार इतके संथ असतात, की त्रास नसेल तर औषध न देता केवळ लक्ष ठेवणे हाच उपचार ठरतो. हॉजकिन प्रकारात वेगळी औषधे, कधी जोडीला किरणोपचार. आईंचा प्रकार ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल’, म्हणजे वेगाने वाढणारा. उपचारांविना काही महिन्यांत संपवणारा. आणि योग्य उपचारांनी निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये पूर्ण बरा होणारा.

मग घरात पर्यायांची रीघ लागली. शेजारच्या काकूंनी सदाफुलीच्या पानांचा रस सुचवला. पुण्याच्या आतेभावाचे म्हणणे, या वयात केमोचे हाल कशाला? एका सहकाऱ्याने कार-टी पेशींच्या उपचाराचे कात्रण आणून दिले आणि वर म्हणाला, ‘तुमच्या खारघरलाच तर आहे.’

ते खरेच होते. टाटा स्मारक केंद्राच्या येथील अ‍ॅक्ट्रेक संस्थेत ४ जून २०२१ रोजी भारतातला पहिला कार-टी उपचार झाला. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी काढून, कर्कपेशींवरची खूण ओळखण्याची क्षमता त्यांना प्रयोगशाळेत देऊन, त्या पुन्हा शरीरात सोडायच्या. मुंबईच्या आयआयटीसोबत विकसित झालेल्या या देशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. खर्च परदेशाच्या मानाने पुष्कळ कमी, तरी लाखांच्या घरात. पण डॉक्टरांनी समजावले, की हे औषध आधीचे उपचार हरल्यावरचे आहे. आईंवर पहिला उपचारही झालेला नव्हता.

सदाफुलीचेही तसेच. १९५८ च्या सुमारास कॅनडात मधुमेहावर उपयोग होतो का हे पाहताना या झाडाच्या अर्काने पांढऱ्या पेशी घटतात, असे आढळले. त्यातूनच पुढे व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही औषधे आली. आईंना द्यायच्या ‘आर-चॉप’ या पाच औषधांपैकी एक व्हिन्क्रिस्टिनच. पण त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात. घरच्या घरी काढलेल्या रसात किती विष उतरले हे कोण मोजणार?

डॉक्टरांच्या लेखी खरे पर्याय तीनच होते. हृदयाची तपासणी चांगली आली तर पूर्ण मात्रा, नाहीतर कमी मात्रा, किंवा केवळ त्रास कमी करणारी औषधे. यावर आम्ही आठवडाभर स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात खल करत होतो. आईंना आम्ही ‘गाठीत इन्फेक्शन आहे’ असे सांगून ठेवले होते. एका रात्री त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

‘काय ते मलाही सांगा की. अंग माझं आहे.’

त्यांना सगळे केव्हाच कळले होते. केवळ आम्हाला बोलायचे नाही, म्हणून त्याही गप्प होत्या.

पुढच्या भेटीत त्यांनी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले. यानं मी बरी होणार की नुसते दिवस वाढणार? आणि मध्येच नको वाटलं तर थांबता येईल का? आठवडाभर एवढे वाचून आम्ही या दोहोंपैकी एकही प्रश्न काढला नव्हता. डॉक्टर म्हणाले, ‘आजी, बरं करण्यासाठीच देतोय. खात्री मात्र देता येणार नाही. आणि थांबायचं तेव्हा थांबू.’ हृदय ठीक निघाले. आईंनी पूर्ण मात्रा निवडली.

दर एकवीस दिवसांनी एक, अशी सहा आवर्तने झाली. केस गेले. दुसऱ्या आवर्तनानंतर ताप आला, पाच दिवस रुग्णालयात काढले. सदाफुलीच्या त्या औषधाने बोटांची टोके बधिर झाली. फुलवाती वळता येईनात. चौथ्यानंतर त्या म्हणाल्या, ‘थांबावंसं वाटतंय.’ आम्ही काहीच बोललो नाही. बोलायचे नाही, एवढे तोवर शिकलो होतो. दोन दिवसांनी त्यांनीच रुग्णालयाची पिशवी भरली.

शेवटच्या पेट स्कॅनमध्ये कुठेही आजार दिसला नाही. हा आजार उलटायचाच तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. ती मुदत अजून पुरी झालेली नाही. उलटलाच तर अ‍ॅक्ट्रेक जवळ आहे, आणि तेव्हा काय करायचे ते आधी आईंना विचारायचे, हेही ठरले आहे.

असो. फुलवाती आता पुन्हा होतात; थोड्या वाकड्या, पण होतात.