लालबाग ते गिरगाव, व्हाया दो टाकी

लालबागच्या मसाला गल्लीत आधी ठसका लागतो, मग दुकानं दिसतात. बेडगी, शंकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांचे ढीग आणि मागे कांडपयंत्रांची घरघर. इथलाच पेरू चाळीचा बाजार १९३२ साली बंद पडला, तेव्हा कोळी आणि किरकोळ विक्रेत्यांनी गणपतीला नवस बोलला. हक्काची जागा मिळाली आणि १९३४ मध्ये मूर्ती बसली. तोच लालबागचा राजा. अनंत चतुर्दशीला तो ज्या वाटेनं गिरगाव चौपाटीला जातो, ती वाट मी ढोलताशे नसलेल्या एका सकाळी पायी धरली.

भारतमाता सिनेमावरून भायखळा गाठेपर्यंत वस्ती ओळखीची, मराठी पाट्यांची. स्टेशन ओलांडून क्लेअर रोडला लागलं की पाट्या बदलतात, बेकरीतून खारी-नानकटाईचा वास येतो, अत्तराची दुकानं सुरू होतात. जवळच सर जेकब ससून यांच्या नावाची शाळा आहे. ज्यूंनी काढलेली, पण आता बहुतेक मुलं मुस्लीम. पुढे नागपाडा, डंकन रोड, दो टाकी. राजाची मिरवणूक या सगळ्या मोहल्ल्यांतून जाते. भायखळ्यात अग्निशमन दलाच्या गाड्या भोंगे वाजवून सलामी देतात आणि हिंदुस्तानी मशिदीपाशी मुस्लीम रहिवासी स्वागताला उभे असतात.

ही छायाचित्रं दरवर्षी छापून येतात. मला त्याहून मोलाचा वाटतो तो तारखांचा हिशेब.

ईद-ए-मिलादचा मोठा जुलूस निघतो भायखळ्याच्या खिलाफत हाऊसमधून. २८ सप्टेंबर २०२३ रोजी ईद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आल्या. एकाच भागात दोन अफाट गर्द्या, आणि पोलीस तेवढेच. मुस्लीम संघटनांनी बैठका घेतल्या आणि जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. २०२४ मध्ये ईद चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आली. जुलूस पुन्हा पुढे गेला, १८ सप्टेंबरला, आणि सरकारनंही मुंबईची सुट्टी त्याच दिवशी सरकवली. शेजाऱ्याच्या देवाला वाट मोकळी करून देणं म्हणजे काय, ते अशा रुक्ष परिपत्रकांतही दिसतं.

सगळं गोडगोड होतं असं मात्र नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये याच शहरात हिंदू-मुस्लीम दंगल पेटली होती. त्याच वर्षी गिरगावात केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. पुढे १९९२-९३ च्या दंगलीचे घाव तर या रस्त्यांवर आजही जाणवतात. चहाच्या टपरीवर विषय काढला की माणसं क्षणभर गप्प होतात आणि साखर किती, असं विचारतात.

कुंभारवाडा, माधवबाग, सी. पी. टँक करत गिरगावात आलं की खोताची वाडी. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थानं इथले भूखंड ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले. अरुंद बोळ, लाकडी जिने, आणि कडेला क्रूस. मुंबईच्या अनेक गल्ल्यांतले असे क्रूस १८९६ च्या प्लेगच्या भयातून उभे राहिले. त्यांना हार घातला जातो तो झेंडूचाच, कारण नाक्यावरच्या फुलवाल्याकडे तोच असतो.

ऑपेरा हाऊसवरून चौपाटीवर उतरलो तेव्हा ओहोटी होती. इथल्या समुद्राचं गणित कोळ्यांना तोंडपाठ. २०२५ मध्ये मात्र विसर्जनाचं गणित चुकलं. राजासाठी नवा यांत्रिक तराफा आणला होता; भरतीच्या पाण्यात मूर्ती त्यावर चढेना. चतुर्दशी शनिवारी होती, विसर्जन झालं रविवारी रात्री नऊच्या सुमारास. त्या वर्षी ईद शुक्रवारी, ५ सप्टेंबरला होती, पण जुलूस आधीच ठरवून सोमवारवर नेला होता. राजा पाण्यात गेल्यावर दुसऱ्या दिवशी जुलूस खिलाफत हाऊसमधून निघाला.