नॉरफोकचा समुद्र आणि कामगाराची रजा

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला लोक पहिला प्रश्न लंडनचा विचारतात. आम्ही उभयतां दोन महिने इंग्लंडात राहून आलो, पण लंडन आम्ही विमानतळापुरतेच पाहिले. आमची लेक परिचारिका आहे. पूर्व इंग्लंडातील नॉरफोक नावाच्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, नॉरिच शहरी ती नोकरी करते. तिच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आगगाडीने निघायचे आणि संध्याकाळी परत यायचे, असा आमचा बेत असे. अशा रीतीने चार गावे पाहून झाली. दोन समुद्रकाठची आणि दोन जुन्या बाजारपेठेची. तिथे जे पाहिले त्यातले थोडे वाचक बंधू-भगिनींना सांगावेसे वाटते.

प्रथम ग्रेट यार्मथला गेलो. लांबच लांब वाळूचा किनारा, समुद्रात शिरलेले लाकडी धक्के, पाळणे आणि खेळण्यांची दुकाने. हे गाव पूर्वी हेरिंग मासळीवर जगत होते. हेरिंग ही आपल्या तारलीच्या जातकुळीतली. हंगामात स्कॉटलंडहून शेकडो मुली इथे मासळी साफ करायला येत. दिवसभर सुरी चालवून बोटे कापू नयेत म्हणून त्या बोटांना चिंध्या गुंडाळत. जिथे मासळीला धुरी देत त्या कारखान्याचे आता संग्रहालय झाले आहे. आत पाऊल टाकताच भिंतींतून तो जुना वास येतो. सुक्या मासळीच्या वासात वाढलेल्या आम्हांला क्षणभर परदेशात असल्याचा विसर पडला.

पण यार्मथमध्ये आमचे मन अडकले ते दुसऱ्याच गोष्टीत. समुद्रकाठी हवा खायला जाणे ही तिथे आधी श्रीमंतांची चैन होती. १८४४ साली नॉरिच-यार्मथ रेल्वे सुरू झाली. १८७१ साली बँक हॉलिडेचा कायदा झाला आणि ठराविक दिवशी सुट्टी मिळू लागली. मग गिरणी-कारखान्यांतील माणसे बायकापोरांसह गाडीत बसून समुद्र पाहू लागली. यार्मथजवळच्या केस्टर गावी १९०६ साली जॉन फ्लेचर डॉड नावाच्या समाजवादी गृहस्थाने कामगारांसाठी तंबूंची सुट्टी-छावणी उभारली. छावणीत दारूला मज्जाव होता. तरीही खऱ्या अर्थाने आठवडाभराची सुट्टी गरिबाला परवडत नव्हती, कारण सुट्टी म्हणजे पगार बुडणे. १९३८ साली ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा झाला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आपला देश आला. आपल्याकडे कारखान्यातील कामगाराला पगारी रजेचा हक्क देणारी कायद्याची दुरुस्ती १९४५ साली झाली. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आमच्यापैकी एकाने इंजिनिअरिंग कारखान्यात तेहतीस वर्षे पाळी केली, दुसरीने पालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून काम केले. दरवर्षी रजा मिळाली. ती कशात गेली? लग्नात, मयतात, आजारपणात आणि गावच्या घराचे पत्रे बदलण्यात. समुद्र आम्ही पाहिला तो सहा डिसेंबरला, दादरला चैत्यभूमीचे दर्शन घेऊन गर्दीतून बाहेर पडताना. मुले हात ओढून पाण्याकडे न्यायची आणि आम्ही गाडी चुकेल म्हणून त्यांना मागे ओढायचो. नुसते बसण्यासाठी म्हणून समुद्रावर बसलो ते यार्मथला, वयाची साठी उलटल्यावर. सोबत चपाती-भाजी आणि थर्मासमधला चहा होता. कुणी घाई करीत नव्हते.

सगळेच गोड होते असे नाही. विमानप्रवास स्वस्त झाल्यावर तिथले लोक उन्हासाठी स्पेनकडे जाऊ लागले आणि यार्मथचे वैभव ओसरले. काही दुकाने बंद दिसली. उन्हाळ्यात काम आणि हिवाळ्यात बेकारी, हे समुद्रकाठच्या गावांचे जुने दुखणे आहे. पाहुण्याला मजा वाटते तिथे कुणाचे तरी हात राबत असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

क्रोमर हे त्यामानाने लहान गाव. उंच कड्यावर वसलेले. तिथल्या चिंबोऱ्या प्रसिद्ध आहेत. १९०१ साली बांधलेल्या धक्क्याच्या टोकाशी आजही नाटकगृह आहे आणि त्याच्याही पुढे जीवरक्षक नौकेचे ठाणे. कड्यावर हेन्री ब्लॉग या कोळ्याचा अर्धपुतळा समुद्राकडे तोंड करून उभा आहे. हा माणूस चिंबोऱ्या धरून पोट भरीत असे आणि वादळात जहाज अडकले की सोबत्यांना घेऊन नौका लोटीत असे. त्रेपन्न वर्षांत त्यांनी ८७३ जीव वाचवले. ही नौकासेवा सरकारी नाही. लोकांच्या देणग्यांवर चालते आणि नौकेवरचे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. बुडणाऱ्याला तू कोण, कुठला, असे विचारण्याची तिथे रीत नाही. आमच्या लेकीने पेटीत नाणे टाकले. ते पाहून आम्हीही टाकले.

बाजारपेठेच्या गावांपैकी पहिले विंडम. लिहिताना भलतेच लांब लिहितात, बोलताना विंडम म्हणतात. १६१५ साली मोठी आग लागून गाव जळाले. त्यानंतर बांधलेली बाजारातील चौकी अजून आहे. लाकडी खांबांवर उभी, आठ कोनांची. रॉबर्ट केट याच गावचा. १५४९ च्या सुमारास जमीनदार मेंढरांसाठी गावाची मोकळी चराऊ जमीन कुंपण घालून गिळत होते. गायरान गेले की गरिबाचे काय जाते, हे आपल्या लोकांना शिकवावे लागत नाही. लोक कुंपणे मोडत केटच्या जमिनीवर आले. केट स्वतः जमीनवाला होता. त्याने आपलेही कुंपण मोडले आणि त्यांचा पुढारी झाला. नॉरिचबाहेरच्या माळावर सुमारे सोळा हजार माणसे जमली. त्यांच्या मागण्यांमध्ये जन्माच्या वेठीला बांधलेल्या माणसांना मुक्त करा, अशीही एक मागणी होती. राजाच्या फौजेने बंड मोडले. ७ डिसेंबर १५४९ रोजी केटला नॉरिचच्या किल्ल्यावर फाशी दिले. पुढे १९४९ साली, चारशे वर्षांनी, त्याच किल्ल्याच्या भिंतीवर त्याच्या गौरवाची पाटी लावण्यात आली. काल ज्याला बंडखोर म्हणून लटकावले, त्याचा आज मान राखला जातो. पण त्याला चारशे वर्षे लागली.

शेवटचे गाव थेटफर्ड. इथे १७३७ साली थॉमस पेन जन्मला. बाप बायकांची कॉर्सेट शिवणारा कारागीर. मुलगाही तेच शिकला. याच पेनने पुढे ‘मानवाचे हक्क’ हा ग्रंथ लिहिला. जन्मामुळे कुणाला राज्य करण्याचा हक्क मिळत नाही, हे त्याने ठासून सांगितले. म्हाताऱ्यांना सरकारने पैसे द्यावेत आणि तो धर्मादाय नव्हे, त्यांचा हक्क आहे, असेही त्याने १७९२ सालीच लिहून ठेवले. सरकारने त्याला गुन्हेगार ठरवले. आज गावात त्याचा सोनेरी मुलाम्याचा पुतळा आहे, १९६४ साली बसवलेला. एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात पुस्तक, आणि पुस्तक उलटे धरलेले. त्यामुळे येणारा जाणारा थांबतो आणि विचारतो.

आम्ही मात्र पुस्तक उलटे आहे म्हणून थांबलो नव्हतो. पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी १८४७ साली, विशीच्या उंबरठ्यावर असताना, हाच ग्रंथ वाचला होता. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मुलींची शाळा काढली. त्या फुल्यांना बाबासाहेबांनी गुरू मानले. नॉरफोकच्या एका आडगावातल्या शिंप्याच्या मुलाचे शब्द सातासमुद्रांपलीकडे आपल्या घरापर्यंत पोहोचले होते. आमच्या मुलीच्या हातात परिचारिकेची पदवी आली, त्या वाटेवर हा माणूसही कुठेतरी उभा आहे. आम्ही हात जोडले. तिकडची दोन माणसे थांबून पाहत होती. लेकीने त्यांना फुल्यांची गोष्ट सांगितली. त्यांना ती ठाऊक नव्हती.

वाचकहो, परदेशी जाणे सर्वांना जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पण रजा ही कुणाची मेहेरबानी नाही, ती लढून मिळालेली आहे. तिच्यातला निदान एक दिवस लग्न-मयतातून वाचवा. डबा बांधा, मुलांना घेऊन निघा. महाड हेही जुन्या व्यापारी पेठेचेच गाव आहे. तळ्याच्या काठी मुलांना बसवा, १९२७ सालची हकीकत तिथेच सांगा, आणि मग तास-दोन तास काहीच न करता बसून राहा. तो दिवसही आपल्या हक्काचाच आहे.