साडेचार मीटर पट्टी

आज चाळिशीत पहिल्यांदा हाताला बॉक्सिंगची पट्टी बांधली. साडेचार मीटर! अंगठ्यातून सुरुवात, मनगटाला वेढे, मग मुठीच्या हाडांवर, दोनदा सुटली. मनीषनगरात जिम पायलीचे पन्नास. पण एकीकडे बॅग नुसती शोभेला टांगलेली, दुसरीकडे पहिल्याच दिवशी रिंगमध्ये ढकलायची घाई. तिसऱ्या जिममधले सर म्हणाले, ‘‘भाऊ, महिनाभर फक्त पाय. ठोसा नंतर.’’ तिथंच पैसे भरले.

२०२१ मध्ये पोलंडला युवा जागतिक सुवर्ण जिंकणारी अल्फिया पठाण आपल्याच नागपूरची. मी मात्र आरशासमोर डावा पाय पुढं टाकतो आणि उजवा विसरतो.

घरी बायकोनं पट्टी दोरीवर वाळत घातली. शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं, ‘‘कोणाचा हात मोडला हो?’’