मापाचा सूट

सुरतेच्या पर्वत पाटियाला समुद्र नाही. पावसाळ्यात खाडी फुगते तेवढंच पाणी आमच्या ओळखीचं, आणि त्यानं घरात शिरू नये एवढंच आमचं त्याच्याकडे मागणं. डुमसचा समुद्र आहे म्हणा, पण भरती-ओहोटीनं ढवळलेला, गढूळ. त्यात डोळे उघडून दिसणार काय? म्हणून पाण्याखालचं बघायची हौस आली की आम्ही मालवण गाठतो.

मापाची जाण मात्र आमच्या गल्लीत मुरलेली. दुपारी दाराशी बसून साड्यांना लेस लावणाऱ्या बायका कापड नुसतं बोटांत धरून पन्हा सांगतात. त्यामुळेच असेल, मालवणच्या एका किनाऱ्यावर मला पहिल्यांदा खुपला तो स्कूबा डायव्हिंगचा वेटसूट. खांद्यात ढगळ, कमरेशी चुण्या, उघड पुरुषाच्या बेताचा. "चालतंय, वहिनी," सूट देणारा पोरगा म्हणाला. चालत नाही. सूट आणि अंग यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, तो अंगाच्या उबेनं कोमट होतो. सूट सैल असला की हे पाणी निसटतं आणि गार पाणी आत घुसतं. पुढे गेज कसं वाचायचं, कान कधी मोकळे करायचे, हे सगळं त्यानं माझ्या नवऱ्याकडे बघून समजावलं. कान माझे होते.

दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, तो बाईपुरता कमी होत नाही. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या पहिल्या कोर्सला २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं सगळ्यांना सारखंच. परीक्षा एकच असते, दुकान मात्र पुरुषाच्या अंगावर बेतलेलं. हल्ली गुलाबी मास्क, गुलाबी फिन्स ठेवतात. सुरतेचा कुठलाही शिंपी सांगेल, रंगानं गिऱ्हाईक वळतं, ब्लाउज बसतो तो कापावर.

कॅलिफोर्नियाच्या लाँग बीचची डॉटी फ्रेझिअर मला इथेच आठवते. १९५५ साली ती स्कूबाची प्रशिक्षक झाली. अमेरिकेतली पहिली बाई. नुसतं शिकवून थांबली नाही, स्वतःचं डायव्हिंगचं दुकान थाटलं आणि वेटसूटही बनवले. शिकवणारी तीच, विकणारी तीच, कापड बेतणारीही तीच. आमच्या गल्लीत ती सहज खपली असती, भावाची घासाघीस करत.

आपल्याकडेही फार लांब जायला नको. मालवणच्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत, 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. वल्ही त्यांच्या हातात, माहितीही त्याच देतात. होडीतले पुरुष मुकाट ऐकतात, कारण परत किनाऱ्याला या बायकांनीच लावायचं असतं.

पुढच्या खेपेला मी आधी दोनच गोष्टी विचारणार: बाईच्या मापाचा सूट आहे का, आणि शिकवायला बाई आहे का. दुसऱ्या प्रश्नाला हसतील. हसू देत. पर्स उघडायची ती उत्तरं ऐकल्यावरच.