अंगणात आखलेली गाडी

हॉट रॉड हा मोटारींचा प्रकार अमेरिकेत १९३० च्या दशकात रुजला. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण फोर्डच्या जुन्या, स्वस्त झालेल्या मॉडेल टी आणि मॉडेल ए गाड्या विकत घेत, मडगार्ड आणि बंपर काढून वजन उतरवत, इंजिनातून जास्त ताकद काढत आणि म्यूरॉक, एल मिराज अशा आटलेल्या तलावांच्या सपाट तळावर शर्यती लावत. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य गिऱ्हाइकाला परवडणारे व्ही-८ इंजिन आणले, आणि त्या वर्षीची फोर्ड या छंदाची लाडकी गाडी होऊन बसली. ‘हॉट रॉड’ याच नावाचे मासिक जानेवारी १९४८ मध्ये निघाले. पुढची चाके लहान, मागची मोठी, गाडी नाकावर झुकलेली, टप कापून बुटका केलेला, इंजिन बहुधा उघडे, अशी या गाडीची ओळख.

महाराष्ट्रात एवढी जुनी फोर्ड कुणाला मिळालीच, तर तिला कटर लावायची हिंमत होणार नाही आणि होऊही नये. इथला हॉट रॉड भंगारातून जन्मतो. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी मुलासाठी दुचाकीचे इंजिन आणि भंगारातले सामान वापरून किकने सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत उद्योगपती आनंद महिंद्रा यांच्या पाहण्यात आली. ही गाडी कोणत्याच नियमात बसत नाही हे नमूद करून त्यांनी कौतुक केले आणि तिच्या बदल्यात बोलेरो दिली. अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातही पारनेर तालुक्यातील निघोजच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने जुन्या धाटणीची, विजेवर चालणारी गाडी घरीच उभी केल्याच्या बातम्या येऊन गेल्या. अशा बातम्यांत दिसते ती तयार गाडी. तिच्या आधीचा वहीतला काळ त्यांत येत नाही. प्रस्तुत लेखिका आणि तिचा नववीतला मुलगा यांनी याच जिल्ह्यातील राहुरी तालुक्यात घरच्या शेतावर फिरवण्यासाठी अशी पहिली गाडी आखली. पुढील विवेचन त्या आखणीवरचे आहे.

आखणीची सुरुवात मुले रंगापासून करतात. ती करायची असते गाडी कुठे चालणार या प्रश्नापासून, कारण बाकीचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम झाले, पण ते पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी आहेत. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला की तो रस्ता बंद.

नवे वाहन म्हणून मान्यता मिळवावी, तर त्यासाठीची चाचणी नगरमध्येच होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ मध्ये चाचणी करणाऱ्या संस्थांत पुण्याच्या एआरएआयबरोबर नगरच्या व्हीआरडीईचे नाव आहे. संस्था घराजवळ आहे म्हणून मुलाला फार आशा वाटली होती. मात्र हा नियम गाड्यांचे उत्पादन किंवा आयात करणाऱ्यांच्या नमुना-वाहनासाठी आहे. अंगणातल्या एकुलत्या एका गाडीला त्या दारात उभे राहता येत नाही.

उरते ते अधिनियमातील ‘मोटार वाहन’ या व्याख्येचे शेपूट. कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेले खास प्रकारचे वाहन त्या व्याख्येतून वगळलेले आहे. म्हणून आखणीच्या पहिल्या पानावर गाडीच्या चित्राऐवजी शेताचा नकाशा आला: कुंपण, फाटक, विहीर, आणि विहिरीपासून दूर ठेवलेली धाव. गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, हा नियम त्याच पानावर लिहिला गेला. तो केवळ आईचा धाक नाही. अल्पवयीन मुलाने सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवून गुन्हा केला तर कलम १९९-अ नुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

यानंतर इंजिन. नगरकराच्या तोंडी पहिले नाव येते लूनाचे. नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची ही ५० सीसीची मोपेड १९७२ मध्ये बाजारात आली. अभिमान बाजूला ठेवून पाहिले तर तिचे इंजिन चारचाकीच्या कामाचे नाही, चढावर धापा टाकेल. मोटरसायकलचे इंजिन सहज मिळते, पण त्याला रिव्हर्स नसतो आणि ते समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड होते. बॉनेटखाली कोंडले की तापते. नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याने वही उलटसुलट पाहून एकच विचारले, “ताई, डिफ्रन्शियल कुठंय याला?” वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते आणि दोन्ही चाके एकाच ॲक्सलला ताठ जोडलेली असली तर गाडी सरळ ढकलली जाते, हे त्याने दोन बाटल्यांची झाकणे एका खिळ्यावर बसवून टेबलावर दाखवले.

या तिन्ही अडचणींचे उत्तर बाद झालेल्या रिक्षाच्या मागच्या भागात आहे. इंजिन, गिअर बॉक्स आणि डिफ्रन्शियल एकत्र, चार गिअर पुढचे आणि एक मागचा, आणि थंड करायला इंजिनाचाच पंखा. शिवाय रिक्षाची सगळी चाके हायड्रॉलिक ड्रम ब्रेकची असतात. पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले असल्याने दुसऱ्या रिक्षाचा तसाच हब आणला की पुढची जोडी होते. भंगारातली रिक्षा घेताना मात्र नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि विक्रीची पावती हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. स्वस्त आणि बिनकागदाच्या मालाचा मोह या धंद्यात पावलोपावली असतो.

मुलाचा आक्षेप दिसण्याला होता. “आई, ही तर रिक्षाच दिसेल!” आक्षेप रास्त होता. इंजिन मागे आणि बॉनेट रिकामे अशा गाडीला जुने शौकीन हॉट रॉड म्हणणार नाहीत. पण दप्तर ठेवायला इतकी ऐसपैस जागा १९३२ च्या फोर्डमध्येही नव्हती. हॉट रॉडचा झुकाव आणायचा तर पुढे रिक्षाची आठ इंची चाके ठेवून मागे मारुती ८०० ची बारा इंची लावता येतात. बोल्टची भोके जुळत नाहीत, त्यासाठी लेथवरून चकती कातून घ्यावी लागते. खरा प्रश्न वेगळाच असतो, आणि तो मुलानेच सोडवला. टायरवर खडूची खूण करून चाक फरशीवरून एक पूर्ण फेरा फिरवायचे आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजायचे. रिक्षाचे चाक एका फेऱ्यात सुमारे १३० सेंमी जाते, मारुतीचे १५८ च्या आसपास. म्हणजे त्याच इंजिनावर वेग पाचव्या हिश्शाने वाढतो आणि ओढ जवळपास तेवढीच घटते. नववीचे प्रमाण-गणित इतक्या मन लावून केलेले त्याच्या शाळेच्या वहीत कुठे आढळत नाही.

चासी आणि बॉडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यासाठी नगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम उत्तम. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्टच्या चासीवर बांधलेली चिलखती गाडी आहे. खाली उमरावांच्या मोटारीचा सांगाडा, वर पोलादी कवच. एका अर्थी हाही हॉट रॉडच, फक्त वजन उतरवण्याऐवजी चढवलेले.

कागदावरचे छोटे चित्र फसवते, म्हणून आखणी पूर्ण मापाने जमिनीवर करावी. शहाबादी फरशीचे अंगण त्यासाठी सोयीचे, कारण सांध्यांच्या रेषा सरळ मिळतात. मागच्या दोन चाकांमधले अंतर रिक्षाच्या भागानेच ठरलेले असते. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर मुलाला पाटावर बसवून, पाय पेडलपर्यंत पोचवून ठरते. या वयात पोर बघता बघता वाढते, त्यामुळे सीट मागे सरकणारी हवी. त्याच खडूच्या चित्रावर स्टिअरिंगही तपासता येते: पुढच्या दोन्ही किंगपिनवरून (चाक ज्या खिळीभोवती वळते तिच्यावरून) निघून स्टिअरिंग-आर्मच्या टोकांवरून मागे ताणलेल्या दोऱ्या मागच्या ॲक्सलच्या मध्याशी मिळाल्या, तर वळताना चाके घासत नाहीत. आमच्या अंगणातल्या दोऱ्या बऱ्याच अलीकडे मिळत होत्या. आर्मचा कोन बदलल्यावर जुळल्या. लोखंड कापण्याआधी हे कळणे म्हणजे निव्वळ बचत.

इंजिन मागे असल्याने नाक हलके पडते आणि स्टिअरिंगला पकड राहत नाही. त्यावर उपाय म्हणून सीट शक्य तेवढी पुढे आणि बॅटरी बॉनेटखाली घेतात. सांगाड्याला ४० बाय ४० मिमीचा, २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप पुरतो. तो मीटरला सुमारे २.४ किलो भरतो आणि किलोवर विकला जातो, त्यामुळे चित्रातली लांबी मोजली की वजनही कळते आणि खर्चही. १५ मीटर पाइपचे ३६ किलो होतात. चाकांच्या, सीटच्या आणि डोक्यावरच्या आडव्या कमानीच्या जोडांना तिरके आधार द्यावेत. गॅल्व्हनाइज्ड पाइप स्वस्त मिळाला तरी टाळावा, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो.

कामाची वाटणी आधीच लिहून ठेवलेली बरी. मोजमाप, खुणा, नट-बोल्ट, सुटे भाग रॉकेलमध्ये धुणे आणि खर्चाची वही मुलाकडे. कटर आणि वेल्डिंग मिस्त्रींकडे. पोराने चष्मा लावून लांबून बघावे, आर्ककडे मात्र चष्म्यातूनही बघू नये. शेतावर वेल्डिंग करायचे तर थ्री-फेज वीज कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री असते ते पाहून मिस्त्रींना बोलवावे लागते, आणि मे महिन्यात सकाळी दहानंतर लोखंडाला हात लावता येत नाही.

पत्र्याचे काम आणि रंग यांवर आखणीत फार पाने खर्चू नयेत. रंग कोणता यावर मुलाचे मत दर आठवड्याला बदलते आणि त्याने काही बिघडत नाही.

वहीचे शेवटचे पान चाचण्यांचे. आधी इंजिन सांगाड्याबाहेर, घोडीवर सुरू करून पाहायचे. मग बिनइंजिनाची गाडी बांधावरच्या हलक्या उतारावरून सोडून ब्रेक आणि स्टिअरिंग. त्यानंतर इंजिन जोडून मागची चाके जॅकवर उचललेली असताना सगळे गिअर, आणि मग पहिल्या गिअरमध्ये मोठ्या माणसाने मारलेला फेरा. मुलाची पाळी पाचवी, हेल्मेट आणि पट्टा लावून. इंजिन बंद करणाऱ्या बटणाची लांब वायर तेव्हा आईच्या हातात असते.