सतरा अणूंचा मोहर

मार्गशीर्षातली संध्याकाळ. पौडच्या पुढे, मुळशीच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका घरात मी ओसरीवर बसले होते. आत आजींनी आधणात नवा आंबेमोहर वैरला आणि थोड्याच वेळात वास उंबरा ओलांडून बाहेर आला. दूध आटतंय, आंबा मोहरलाय, ओल्या पेंढ्यावर ऊन पडलंय, असं सगळं एका श्वासात. मी उठून चुलीपाशी गेले. ताटली उचलायला हात पुढे केला, तर आजी म्हणाल्या, "राहू दे गं पोरी. वास उडून जाईल."

वास खरंच उडून जातो. शिजत्या दाण्यातून सुटलेले रेणू वाफेबरोबर नाकात शिरतात, म्हणून तर तो येतो. भाताच्या या दरवळामागचा मुख्य रेणू कॅलिफोर्नियातल्या रॉन बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ओळखला : २-असेटिल-१-पायरोलिन. सहा कार्बन, नऊ हायड्रोजन, एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन; अवघे सतरा अणू. एक अब्ज भाग पाण्यात त्याच्या एका भागाचा दहावा हिस्सा असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो.

साध्या भाताच्या रोपात एक विकर या रेणूचा कच्चा माल दुसऱ्याच कामाला लावतं. सुवासिक जातींपैकी बहुतेकांत त्या विकराच्या जनुकाची मोडतोड झालेली असते. बासमतीसारख्या जातींत त्यातली आठ अक्षरं गळालेली आहेत. विकर निकामी होतं, कच्चा माल साचतो आणि त्याचा सुगंध होतो. काहीतरी मोडलं म्हणून हा दरवळ आहे, हे कळल्यापासून मला तो अधिकच जवळचा वाटतो. लोंब्या बाहेर पडतात तेव्हा बांधावरून चालतानाही तो येतो.

नाकाच्या आत, वरच्या बाजूला, वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. त्यांच्या जनुकांचं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उजेडात आणलं, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एक रेणू एकाच ग्राहकापाशी थांबत नाही. कुणाला घट्ट भिडतो, कुणाला नुसता चाटून जातो. रांगोळीचे ठिपके तेच, पण जोडणी बदलली की फूल वेगळं, तसं हे आहे.

त्या फुलाला नाव मात्र ज्याचं त्याचं. अमेरिकेत या रेणूचा वास पॉपकॉर्नसारखा म्हणतात. आपल्याकडे भातात टाकतात त्या अन्नपूर्णेच्या पानातही तोच आहे. आंब्याच्या मोहरात मुख्यतः टर्पिन कुळातले, अगदी निराळे रेणू. तरी ज्या कुणी या भाताला पहिल्यांदा आंबेमोहर म्हटलं, त्याच्या नाकाला मी चूक म्हणणार नाही.

मुळशीच्या याच खोऱ्यातली भातखाचरं धरणाखाली जाऊ नयेत म्हणून १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. खाचरं बुडाली ती बुडालीच. उरलेल्यांतही आंबेमोहर कमी होत गेला. रोप उंच, वाऱ्यापावसात लोळतं, उतारा थोडा. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळला तयार झालेला इंद्रायणी त्याच्या जागी आला. आजींकडे आंबेमोहराचं एक खाचर अजून आहे, फक्त घरच्यापुरतं.

जेवताना मी विचारलं, "आजी, याला खरंच मोहराचा वास येतो?"

त्यांनी माझ्या पानात अजून एक वाढण घातलं. "आम्हाला उलटं गं. माघात आंबा मोहरला की भात शिजल्यागत वाटतं."