नव्या युगात जुनी बाकी

‘सिव्हिलायझेशन’ या संगणकखेळाचा नवा भाग आला की मी राजांचे चेहरे बघत बसत नाही, आधी नकाशा बघतो. खेळात आपले बदल, म्हणजे मॉड, करणाऱ्या माणसाची ही खोडच असते. नदी कुठे उगम पावते, डोंगररांग किनाऱ्यापासून किती आत आहे, हिरवा मुलूख संपून कोरडा कुठे सुरू होतो, एवढं पाहिलं की खेळ रचणाऱ्यांनी भूगोलाकडे किती लक्ष दिलंय ते कळतं. घाटाच्या या बाजूला वाढलेल्याला पर्जन्यछाया कुणी शिकवावी लागत नाही. महाबळेश्वर पाण्यात बुडालेलं असताना माण-खटाव आभाळाकडे डोळे लावून बसलेलं असतं.

११ फेब्रुवारी २०२५ ला सातवा भाग बाजारात आला, तेव्हाचा त्याचा नकाशा पाहून मी खट्टू झालो. खंड पट्टी धरून कापल्यासारखे चौकोनी आणि दोन खंडांच्या मध्ये बेटांची सरळ उभी रांग. निसर्ग असा वागत नाही, आणि मागच्या भागांचे नकाशेही असे वागत नव्हते. पण लगेच नदीकडे लक्ष गेलं आणि राग निम्मा उतरला. मागच्या कित्येक भागांत नदी दोन टाइलांच्या मधल्या रेघेवरून वाहायची. तिच्या काठाला शेती व्हायची, सैन्य अडायचं, पण जहाज काही आत शिरायचं नाही. आता मोठ्या नद्या टाइल व्यापून वाहतात आणि त्यांतून गलबत थेट आत जातं. उल्हासच्या खाडीतून कल्याणला आणि सावित्रीतून महाडला मालाची जहाजं कशी पोचत असतील, हे इतकी वर्षं या खेळात दाखवताच येत नव्हतं. चौथ्या भागासाठी मी तापी ते तुंगभद्रा असा दख्खनचा नकाशा केला होता, त्यात कोकणची बंदरं नुसती किनाऱ्याला चिकटवून ठेवावी लागली होती.

गेली कित्येक वर्षं हेच चाललंय: खेळायचं थोडं आणि खेळ उसवून पुन्हा शिवायचा फार. चौथ्या भागात पायथन आणि एक्सएमएल होतं, पाचव्या-सहाव्यात लुआ आणि एसक्यूएल, आता नकाशाच्या स्क्रिप्टा जावास्क्रिप्टमध्ये आहेत. दर खेपेला हात नव्यानं बसवावा लागतो. त्याबद्दल तक्रार नाही. कुठला आकडा बदलला की कुठलं साम्राज्य कोसळतं, हे आतून बघण्याची चटक एकदा लागली की नुसतं जिंकण्यात मजा उरत नाही.

सिड मायरनं १९९१ साली पहिला भाग काढला. पुढच्या भागांसाठी त्यांच्याकडे एक ठोकताळा सांगितला जातो: एक तृतीयांश जुनं ठेवायचं, एक तृतीयांश सुधारायचं, एक तृतीयांश नवं आणायचं. जुना खेळाडू त्या शेवटच्या तृतीयांशावर चिडतो, हे ठरलेलंच. २०१० ला पाचव्या भागानं चौकोन काढून षटकोन आणले आणि एका टाइलवर एकच पलटण हा नियम केला, तेव्हा आमच्यातल्या निम्म्या लोकांनी खेळ संपला असं जाहीर केलं होतं. मी त्या निम्म्यात होतो. आज चौकोनी टाइलवर परत जायला कुणी सांगितलं तर जाणार नाही. म्हणून सातव्या भागाला शिव्या घालण्याआधी जरा थांबायचं ठरवलं. मेनूतली अक्षरं, अर्धवट माहिती, शोधूनही न सापडणारे आकडे यांवर त्या वेळी पुष्कळ लोक तुटून पडले आणि ते रास्तच होतं. पण असल्या गोष्टी पॅचमध्ये सुधारतात, सुधारल्याही. नकाशेही पुढे बरे झाले. माझी अडचण त्याहून खोल आहे.

या भागात इतिहासाचे तीन तुकडे केलेत: प्राचीन युग, शोधयुग आणि आधुनिक युग. प्रत्येक युग संपताना संकट येतं आणि मग तुमची संस्कृतीच बदलते. मौर्य म्हणून सुरुवात केलीत, तर पुढच्या युगात चोळ व्हा, त्यापुढे मुघल. पूर्वी इसवी सनापूर्वी ४००० मध्ये जो झेंडा घेऊन उतरायचं, तोच झेंडा चंद्रावर न्यायचा. संस्कृती बदलण्याची कल्पना २०२१ साली ‘ह्यूमनकाइंड’ या फ्रेंच स्टुडिओच्या खेळानं आधीच आणली होती. इथे ती जास्त ठळक आहे.

आता गंमत अशी की कल्पना म्हणून ती मला पूर्ण पटते. शिवनेरीवर चढताना कातळात बौद्ध लेणी लागतात, ती सातवाहनकाळातली. त्याच डोंगरावर पुढे किल्ला झाला, निजामशाहीकडे गेला आणि तिथेच १६३० ला महाराजांचा जन्म झाला. खाली जुन्नर आणि वर नाणेघाट, माल त्याच वाटेनं जात राहिला. राज्यं बदलली, गाव तिथेच राहिलं. मलिक अंबरनं वसवलेल्या खडकीचं नाव किती वेळा बदललं ते मोजा. इजिप्त पहिल्यापासून शेवटपर्यंत इजिप्तच राहणार, हे जुन्या भागांतलं गृहीतक आमच्या मुलखाला कधी लागूच पडत नव्हतं. सातव्या भागात जुन्या युगातली इमारत निकामी होते आणि तिच्याच जागेवर नवी बांधायची असते. शहराचं पोट थरांनी भरत जातं. चोळांच्या राज्यात पाटलिपुत्र त्याच नावानं उभं राहतं, हवी तर युग बदलताना राजधानी हलवता येते. महंमद तुघलकानं दौलताबादेला जे केलं ते इथे एका क्लिकमध्ये होतं आणि रयतेचे हालही होत नाहीत.

मग बिनसतं कुठे? युग बदललं की चालू लढाया आपोआप थांबतात. सुरुवातीच्या नियमांत सेनापतींच्या हाताखाली मावेल तेवढंच सैन्य पुढे यायचं, बाकीचं विरून जायचं. राजधानी सोडून बहुतेक शहरांची पुन्हा गावं होतात. शेजाऱ्याच्या वेशीवर वीस-पंचवीस टर्न तळ ठोकून मी जो वेढा दिलेला असतो, तो सकाळच्या धुक्यासारखा नाहीसा होतो आणि तो शेजारी, आता नव्या नावाचा, माझ्याकडे बघून हसतो.

दिवाळीला व्यापारी नवी वही पूजतो, पण पहिल्या पानावर जुनी बाकी ओढून घेतो. हा खेळ वही बदलताना बाकी ओढत नाही. थोडे वारसा-गुण देतो, ते नव्या युगात कुठेतरी खर्च करायचे, आणि झालं. नव्या माणसाला हे सोपं पडतं, हेही खरं. खेळ बनवणाऱ्या फिरॅक्सिसवाल्यांचं म्हणणं असं की अर्ध्याहून अधिक डाव लोक शेवटपर्यंत नेतच नाहीत, कारण दोनशेव्या टर्नला कोण जिंकणार ते कळून चुकलेलं असतं. निदान बरोबर आहे. पण औषध म्हणून त्यांनी स्मृतीच पुसली. या खेळातली माझी सगळी ओढ उशिरा फिटणाऱ्या देण्यांची होती. पन्नासाव्या टर्नला लोभानं एक शहर चुकीच्या खोऱ्यात वसवायचं आणि तीनशेव्या टर्नला त्याच शहरापायी दोन आघाड्यांवर लढायचं. दर टर्नला निर्णय चटपटीत असणं पुरेसं नाही, त्याची सावली लांब पडायला हवी.

तुटणं नको असं मी म्हणत नाही. चौथ्या भागाच्या २००७ सालच्या विस्तारात ‘राइज अँड फॉल’ नावाचा एक मॉड मूळ खेळाबरोबरच दिला होता, एका हौशी माणसानं रचलेला. त्यात साम्राज्यं इतिहासातल्या वेळेला उगवत आणि कोसळत. पण कोसळत ती आपल्या करणीनं. झेपेल त्याच्या पलीकडे मुलूख घेतला, दूरच्या प्रांतांना सांभाळलं नाही, की स्थैर्याचा आकडा घसरत जायचा आणि एके दिवशी अर्धं राज्य वेगळं व्हायचं. तेव्हा हात चोळत बसायला कारण असायचं. सातव्या भागातलं संकट घड्याळ बघून येतं. मी उत्तम कारभार केला काय आणि नाही काय, ते येणारच. मुघलांचं राज्य औरंगजेब दख्खनेत पंचवीस वर्षं अडकल्यामुळे खिळखिळं झालं, १७०७ उजाडलं म्हणून नव्हे.

शोधयुगाबद्दल एक वेगळी कुरबुर आहे. या युगात दूरच्या खंडांवर वसाहती करायच्या, तिथला खजिना जहाजांत भरून घरी आणायचा, त्याचे गुण मिळतात. चोळ घेऊन हे करताना सुरुवातीला छान वाटतं. राजेंद्र चोळानं १०२५ च्या सुमारास श्रीविजयावर आरमार पाठवलंच होतं. पण नियमांचा आराखडा लिस्बनच्या धक्क्यावर उभं राहून काढलेला आहे. चौल, दाभोळ, गोवा ही बंदरं तर त्या काळात दुसऱ्या कुणाच्या तरी यादीतले ‘दूरचे प्रदेश’ होती. गोवा १५१० ला पडलं, तेव्हा कुणाच्या तरी खात्यात गुण जमा झाले असणार. या बंदरांच्या बाजूनं हे युग कसं खेळायचं, याचं उत्तर या नियमांत मला अजून सापडलेलं नाही.

माझ्या भाच्याला यातलं काही खुपत नाही. तो एका रविवारी तिन्ही युगं संपवतो. परवा माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाला, “मामा, तू अजून प्राचीनमध्येच?” मी म्हटलं, “अरे, मला नदीकाठ आवडलाय.” “मग डावच नको खेळूस, फिरायला जा,” असं म्हणून तो गेला. त्याचा पहिला भाग हाच. त्याला बाकी ओढायची सवयच नाही, त्यामुळे तो मोकळेपणानं खेळतो. बेंजामिन फ्रँकलिन मुघलांचा बादशहा होतो तेव्हा त्याला फक्त मजा वाटते. हो, हेही नवं आहे: नेता आणि संस्कृती आता वेगळे निवडायचे. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा डोकं धरून बसलो होतो.

आणि याच गोष्टीनं मला अनपेक्षित वाट करून दिली. या मालिकेत भारत पहिल्या भागापासून आहे, बराच काळ गांधीजींच्या रूपात. त्यांच्या अणुबाँबप्रेमाची दंतकथा जगभर फिरली. पहिल्या भागातल्या कुठल्याशा बिघाडातून ते घडलं ही गोष्ट खोटी असल्याचं मायरनं २०२० च्या आत्मचरित्रात सांगून टाकलं. मराठे मात्र मूळ मालिकेत कधीच नव्हते. २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठ्यांचं राज्य खेळता आलं, त्यावर आम्ही बरेच दिवस काढले. मराठ्यांचा मॉड करावा असं दर भागात मनात यायचं आणि दर वेळी नेत्याशी येऊन अडायचं. या खेळात नेता समोर उभा राहतो, तह मागतो, नाकारला तर चडफडतो, हरतो. महाराजांना असं बाहुलं करून पडद्यावर नाचवायला माझा हात धजेना. इथे काहीजण म्हणतील की खेळात काय एवढं. त्यांनी करावा. नव्या भागात नेत्याविना संस्कृती करता येते. किल्ले, घोडदळ, आरमार, कारभार, सगळं मराठ्यांचं, आणि गादीवर हवा तर अशोक बसवा.

मग युगाचा प्रश्न आला. खेळाच्या काळगणनेत मुघलांना आधुनिक युगात टाकलंय. मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या त्या १७५८ ला, म्हणजे त्या हिशोबानं मराठेही तिथेच बसावेत. तरी मी त्यांना शोधयुगात घेतलं. राज्याभिषेक १६७४ चा, बाजीरावाच्या मोहिमा १७४० पर्यंतच्या, त्यामुळे इतिहासाशी फार दगाबाजी होत नाही. खरं कारण तांत्रिक आहे. या खेळात प्रत्येक संस्कृतीच्या काही ‘परंपरा’ असतात, धोरणपत्रिकेत लावायच्या, आणि त्या पुढच्या युगातही सोबत येतात. बाकी ओढायला एवढी एकच फट ठेवली आहे. आधुनिक हे शेवटचं युग, तिथे काही पुढे न्यायचा प्रश्नच येत नाही.

म्हणून चौथाईला परंपरा केलं. मुलूख न जिंकता त्याच्या उत्पन्नातला वाटा घेणं, ही कल्पना या खेळात कुठेच नाही. इथे एक तर शहर तुमचं, नाहीतर दुसऱ्याचं. माझ्या नियमात परक्या वस्तीच्या तीन टाइलांच्या आत मराठा सेनापती उभा असेल, तोवर तिथल्या सोन्याचा हिस्सा दर टर्नला येतो. सेनापती हलला की बंद. त्यामुळे लढाई कमी आणि फिरती जास्त, जे मला हवंच होतं. १७१९ ला दिल्लीहून बाळाजी विश्वनाथानं दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची सनद आणली, ती बसवायला तहाचा पर्याय घालायचा आहे. तेवढं अजून जमलेलं नाही. संगणकाचे राजे तहाला ‘हो’ म्हणतात आणि दोन टर्नांनी युद्ध पुकारतात, पण त्याला इतिहासाविरुद्ध म्हणता येणार नाही.

चाचणीचा पूर्ण डाव भाच्याला खेळायला दिला. शोधयुग संपलं, पुढची संस्कृती निवडताना त्यानं खट्याळपणे मुघल घेतले. परंपरा सोबत आलीच होती. थोड्या वेळानं हाक आली, “मामा, इकडे ये, मुघलच चौथाई गोळा करतायत!” पंचवीस टक्क्यांनी त्याची तिजोरी इतकी भरली होती की आधुनिक युग खेळायची गरजच उरली नाही. मग दर उतरवत गेलो. सध्या तो दहा टक्क्यांवर आणून ठेवलाय, म्हणजे नाव चौथाईचं आणि वसुली सरदेशमुखीची.